सहा मढी

पुस्तकांच्या दुकानात आता द्रौपदी बोलते, कैकेयी बोलते, शूर्पणखा बोलते. इंग्रजीत बोलतात सगळ्या. चित्रा बॅनर्जी दिवाकरुणींचं 'द पॅलेस ऑफ इल्यूजन्स' २००८ चं, कविता काणेंचं 'कर्णाज वाइफ' २०१३ चं, वैष्णवी पटेलांची 'कैकेयी' २०२२ ची. मी यातली काही शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. पाळी सुटल्यावर, रात्री.

बाईनं पुराण उलटं करून सांगावं, देवाला जाब विचारावा, याला आमचा विरोध का असेल? १८५५ ला 'ज्ञानोदया'त मुक्ता साळवे या मांगाच्या शाळकरी पोरीनं आख्ख्या धर्माला आरोपी म्हणून उभं केलं. १८७३ ला जोतीरावांनी 'गुलामगिरी'त अवतारांची सालं काढली. १८८२ ला ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना'त देवादिकांची वागणूक चव्हाट्यावर आणली. ही वाट कुणाच्या पायानं पडली ते आम्हाला शिकवू नका.

भांडण आहे ते वेगळंच. पुराण कुणाच्या तोंडून उलटं करता?

'कर्णाज वाइफ' बघा. उद्योगपर्वात कर्ण स्वतः कृष्णाला सांगतो की माझे लग्नसंबंध सूतांशीच झाले. म्हणजे बायका सूतांच्या. पण या पुस्तकाची नायिका कोण? उरुवी. लेखिकेनं कल्पनेतून घडवलेली क्षत्रिय राजकन्या. ती जात सोडून लग्न करते, त्याची किंमत भरते, हे मान्य. पण सूतपुत्राचं दुःख सांगायलासुद्धा वरच्या जातीचीच बाई लागली! २०१७ ला त्याच लेखिकेनं शूर्पणखेवर लिहिलं. नाव 'लंकाज प्रिन्सेस'. तिथंही राजकन्या. आमच्या वस्तीला गाव खवचटपणे 'राजवाडा' म्हणत आलंय. त्या राजवाड्यातली एक तरी बाई घ्यायची होती!

इरावतीबाई कर्व्यांनी १९६७ च्या 'युगान्ता'त खांडववन जाळण्याबद्दल कृष्णार्जुनांना धारेवर धरलं होतं. पांढरपेशा घरातली बाई, पण जळालेल्यांकडं बघितलं. त्या वाटेनं पुढं जायचं होतं. नव्या पुस्तकांनी माघारी फिरून महालाचं दार लावून घेतलं.

परवा लाक्षागृहाची गोष्ट मी आईला वाचून दाखवत होतो. आई टॉवेलच्या कडा शिवत होती. वारणावतात कुंतीनं जेवण घातलं. एक निषाद बाई पाच पोरं घेऊन आली. अन्नासाठी आली, असं महाभारतच सांगतं. पोटभर खाल्लं, प्याली, तिथंच झोपली. रात्री भीमानं आग लावली आणि आईला, भावांना घेऊन भुयारातनं निघून गेला. सकाळी राखेत सहा मढी. एक बाई, पाच पोरं. हिशेब बरोबर जुळला. लोक पांडवांसाठी रडले.

आईचं मशीन थांबलं. म्हणाली, "अन् ती बाई रं? तिला कुणीच उठवलं न्हाई?"

एवढाच प्रश्न. ती अंगठाबहाद्दर आहे. बंगालीत महाश्वेतादेवींनी हाच प्रश्न कथेत कुंतीच्या पुढ्यात उभा केला. पण बाजारात ढिगानं खपणारी कुंती अजून कर्णासाठीच रडतेय.

आणखी एक ऐका. व्यासाकडं दुसऱ्यांदा जायची वेळ आली तेव्हा अंबिकेनं आपल्या जागी दासी पाठवली. राणीची सुटका झाली. कुणाच्या अंगावर? त्या दासीच्या पोटी विदुर जन्मला. विदुराचं नाव राहिलं, तिचं नाव नाही. स्त्रीमुक्तीवाल्या बायांनो, इथं एका बाईनं दुसरीला पुढं ढकललं. हे पान तुम्ही कसं लिहिणार?

जुन्या मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्याला विणकामाच्या खात्यात घेत नसत. का? धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक भोकातून तोंडानं ओढावं लागायचं. आमची थुंकी सुताला चालत नव्हती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारलं. बावटा एक, मोर्चा एक, धोटा मात्र वेगळा! आजच्या या गोष्टींचंही तेच. बाई म्हणून सगळ्या एक. पण गोष्टीचा धागा आमच्या बाईच्या तोंडातनं ओढलेला चालत नाही.

आता आपल्याकडं बोट. एकलव्याच्या अंगठ्यावर मी तीन कविता लिहिल्या, टाळ्या घेतल्या. एकलव्य निषाद. ती बाईही निषाद. तिच्यावर माझी एक ओळ नाही. शंबूक, एकलव्य, कर्ण, आपल्या विद्रोहात सगळे बाप्येच! १९८९ ला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं तेव्हा कुठं चळवळीतल्या आपल्याच बाया आपल्याला दिसल्या. तोवर आपणही त्यांना झोपेतनं उठवलं नव्हतं.

आणि हे पुराण नुसतं पुराण नाही. २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. सुरेखा भोतमांगे, प्रियंका, सुधीर, रोशन. आई आणि पोरं. गाव जागं होतं.

म्हणून पुराण उलटं करणाऱ्यांनो, एकच अट. महालातनं बाहेर या. राखेपाशी बसा. आधी ती सहा मढी ओळखा, मग नायिका निवडा. आणि तुम्हाला जमत नसेल तर सरका. कांडी आमच्याकडं आहे, तोंडही आहे.