सर्वर डाऊन नाही साहेब, लॅपटॉप हँग आहे

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांनी ज्यांनी तालुक्याला दाखल्यासाठी हेलपाटे मारलेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि हो, हे आपलं कर्जत, रायगडातलं नाही. तिकडच्या लोकांनी उगाच अंगावर घेऊ नये.

गोष्ट जूनमधली. तालुक्यातल्या एका सरकारी कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण एकाचं नाव लिहिलं की बाकीचे सगळे साळसूद होतात. माझ्यापुढं सिद्धटेककडची एक मावशी. नातवाला वसतिगृहात घालायचं होतं, अर्जाची मुदत शुक्रवारी संपत होती. मावशीचा हा दुसरा हेलपाटा. आदल्या दिवशी तिला सांगितलं होतं, सर्वर डाऊन आहे, उद्या या.

त्या दिवशीही खिडकीतून तोच आवाज आला. "सर्वर डाऊन आहे. बसा, नाहीतर उद्या या."

मावशीनं मला हळूच विचारलं, "बाबा, हा सर्वर म्हणजे कोणते साहेब? ते यायचे कधी?"

रांगेत सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर खिडकीतून आत डोकावलो आणि हसू गेलं. स्क्रीनवर अर्धा भरलेला फॉर्म होता. कोपऱ्यातल्या घड्याळात ११ वाजून ४२ मिनिटं झालेली. माझ्या मनगटावर ११ वाजून ५० मिनिटं. बाण हलत नव्हता. पोरगं बिचारं एंटर दाबून दाबून थकलं होतं.

आता साधा विचार करा. सर्वर असतो मुंबई-पुण्याला नाहीतर आणखी कुठं. तो बंद पडला तर ती साइट उघडणार नाही. पण समोरच्या लॅपटॉपचं घड्याळ कशाला थांबेल? घड्याळ थांबलं म्हणजे बिघाड टेबलावर आहे. आणि टेबलावरचा बिघाड आपण दुरुस्त करू शकतो. नेमकं म्हणूनच त्याला सर्वरचं नाव दिलं जातं. सर्वर म्हणलं की कुणाचीच जबाबदारी नाही!

मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, शेतकरी माणूस आहे. पण हा आजार मी घरात भोगलाय, म्हणून बोलतो.

पोरीसाठी वापरलेला एक लॅपटॉप घेतला होता. दोन महिने बरा चालला, मग मधेच गप्प व्हायला लागला. कधी दिवसातून एकदा, कधी तीनदा. दुकानात नेला. "व्हायरस आहे, फॉरमॅट मारू." ५०० रुपये. चार दिवसांनी परत तेच. दुसऱ्या दुकानात परत फॉरमॅट, परत ५००. पोरीच्या वर्षभराच्या नोट्स गेल्या त्या वेगळ्याच. तिसऱ्याकडं गेलो तर तो म्हणला, "काका, मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या."

तिघांपैकी एकानंही विचारलं नाही की हा हँग होतो कधी? डॉक्टरनं नाडी न बघता तीनदा सलाईन लावावं, तसला प्रकार.

मग मी वही केली. अकरा दिवस लिहिलं. किती वाजता हँग झाला, काय चालू होतं, चार्जिंगला होता का बॅटरीवर, खालून गरम होता का गार. वही वाचली तेव्हा कळलं. सकाळच्या गारव्यातही होतो न् दुपारच्या उन्हातही, म्हणजे नुसती उष्णता नाही. चार्जर काढूनही होतो, म्हणजे चार्जर नाही. पण फाइल उघडताना नाहीतर सेव्ह करताना हमखास होतो. मग विंडोजमधलीच रॅम तपासायची सोय चालवली. सर्चमध्ये एमडीशेड टाकलं की ती येते. रॅम ठीक निघाली. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं. हार्ड डिस्कपुढं पिवळी खूण! डिस्कच्या जागा खराब होत चालल्या होत्या. लॅपटॉप तिथलं वाचायला जायचा, वाचता यायचं नाही, परत परत प्रयत्न करत बसायचा आणि तोवर सगळं ठप्प. फॉरमॅट मारून खराब डिस्क चांगली होत नाही. उसाला हुमणी लागली असताना वरून पानावर फवारा मारण्यासारखंच ते.

जुनी डिस्क काढली, एसएसडी बसवली. मजुरी धरून अडीच हजारांच्या आत काम झालं. तो "मदरबोर्ड गेलेला" लॅपटॉप आजही चालतोय.

दुकानदारांना शिव्या द्यायला ही पोस्ट नाही. त्यांचीही बाजू आहे. आपण फॉरमॅटला ५०० देतो, पण तासभर बसून निदान करणाऱ्याला ५० रुपये द्यायला कुरकुरतो. "बघितलंच तर आहे, काय केलंय?" म्हणतो. मग तो बघेल कशाला? जे आपण दुकानात करतो तेच सरकार कार्यालयात करतं. खरेदीला पैसा आहे, निदानाला नाही. नवीन कॉम्प्युटर आले की नारळ फुटतो, फोटो निघतो, बातमी येते. पंख्यातली धूळ काढली म्हणून कुणी नारळ फोडत नाही.

आणि आपल्याकडं धूळ काय कमी आहे का? अवर्षणाचा तालुका. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, वीज कधी येते कधी जाते. लॅपटॉपच्या पंख्यात धुळीचा थर बसला की आतली हवा बाहेर पडत नाही, प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि फारच तापला तर थेट बंद पडतो. वर्षातून दोनदा साफ केलं तरी निम्मी रड कमी होईल.

त्या दिवशी गर्दी ओसरल्यावर मी त्या खिडकीतल्या पोराला म्हणलं, "दादा, मी हात लावत नाही, तूच बघ. सर्चमध्ये रिलायबिलिटी टाक." विंडोजमध्ये रिलायबिलिटी मॉनिटर नावाची सोय आधीपासूनच असते. कोणत्या दिवशी काय बिघडलं ते तारखेवार दाखवते. उघडलं तर कामाच्या जवळजवळ प्रत्येक दिवसावर लाल फुली. पोरगं बघतच राहिलं. म्हणलं, "काका, मी वर कळवलंय. नवीन मशीनचा प्रस्ताव गेलाय म्हणतात."

प्रस्ताव गेलाय! म्हणजे तो येईपर्यंत रोज लाल फुली.

या पोराचा दोष नाही हे आधीच सांगतो. लोक शिव्या त्याला देतात, आणि दिवसभर हँग मशीनवर तोच बसतो. तलाठ्यांचंही तेच. तलाठी संघटनांच्या मागण्यांत लॅपटॉप-प्रिंटरचा विषय किती वर्षांपासून आहे ते जुनी वर्तमानपत्रं काढून बघा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर आली. पुढं शेतकरी ओळख क्रमांक आला. सगळं चांगलंच आहे, मी विरोधक नाही. पण सगळा कारभार मशीनवर न्यायचा आणि मशीनची निगा वाऱ्यावर सोडायची, हे म्हणजे शेततळं खोदून कागद न अंथरण्यासारखं झालं.

आता कुणी म्हणेल, सर्वर खरंच डाऊन असतो की. असतो! शेवटच्या तारखेला सगळा महाराष्ट्र एकदम तुटून पडला की पोर्टल मान टाकतंच. ते नाकारत नाही. म्हणून तर म्हणतो, खरं काय ते तपासा. तपासायला दोन मिनिटं लागतात:

१) स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघा. दोन मिनिटांत आकडा पुढं सरकला नाही तर मशीन हँग आहे. कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवाही लागत-विझत नसेल तर नक्कीच.
२) घड्याळ चालतंय, पण कोणतीच साइट उघडत नाही, तर तिथलं इंटरनेट गेलंय.
३) बाकी साइट उघडतात, फक्त तीच उघडत नाही, आणि तुमच्या मोबाईलवरही उघडत नाही, तर बहुतेक सर्वरच. मग गप घरी जा, भांडू नका.

यात खरी मेख कुठं आहे ते आता नीट वाचा. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच द्यायची, पोचेवर अर्ज क्रमांक, आणि ठरलेल्या दिवसांत सेवा द्यायची. नाही दिली तर अपील आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. कायदा उत्तम आहे. पण दिवस मोजायला सुरुवात कधी होते? अर्ज दाखल झाल्यावर. आणि अर्ज दाखलच होत नसेल तर? मशीन हँग, म्हणून अर्ज नाही. अर्ज नाही, म्हणून पोच नाही. पोच नाही, म्हणून मुदत नाही, अपील नाही, दंड नाही. कागदोपत्री मावशी त्या कार्यालयात आलीच नव्हती! दोन दिवस ती जिथं उभी होती तिथं सरकारच्या लेखी कुणीच नव्हतं.

स्क्रीनवरचं घड्याळ थांबलं की कायद्याचं घड्याळही सुरू होत नाही. याचा फायदा कुणाला होतो ते तुम्हीच ठरवा.

मावशीचा अर्ज सोमवारी घेतला गेला. वसतिगृहाची मुदत शुक्रवारी संपली होती. पोरगं आता रोज एसटीनं ये-जा करतंय. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, चांगली गोष्ट आहे. पण मावशीचे खुरपणीचे तीन रोज बुडाले, त्याला अर्धं तिकीट नाही.

म्हणून तालुक्यातल्या सगळ्या कार्यालयांकडं माझ्या चार मागण्या आहेत. यातली एकही लाखाची नाही.

एक, प्रत्येक खिडकीवर बिघाडाची वही ठेवा. तारीख, वेळ, काय बंद पडलं, किती वेळ, किती माणसं परत गेली. माझ्या अकरा दिवसांच्या वहीनं जे सांगितलं ते तीन दुकानांनी सांगितलं नव्हतं.

दोन, मशीन हँग असेल तर अर्ज कागदावर घ्या, शिक्का मारून तारखेसह पोच द्या. मशीन सुरू झालं की भरा. मुदत कागदाच्या तारखेपासून धरा.

तीन, नवीन खरेदीआधी जुन्याचं निदान करा. डिस्क तपासा, धूळ काढा. एसएसडीवर भागत असेल तर तिच्यावर भागवा. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर मोफत सुरक्षा अपडेट मिळत नाहीत आणि बऱ्याच जुन्या मशीन विंडोज ११ घेत नाहीत, हे मला माहीत आहे. ज्या खरंच बदलायच्या आहेत त्या बदला. पण आधी यादी दाखवा, कोणती का बदलताय.

चार, "सर्वर डाऊन" ही पाटी लावायची असेल तर वेळ घालून, सही करून लावा. सही करावी लागली की बघा निम्मे सर्वर आपोआप सुरू होतात.

आणि आपण काय करायचं? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. चारच प्रश्न विचारायचे. कॉम्प्युटर किती, कोणत्या वर्षाचे, शेवटची दुरुस्ती कधी, गेल्या वर्षी बिघाडाच्या तक्रारी किती. मी एका कार्यालयात टाकतोय. राशीन, मिरजगाव, कुळधरणकडच्या पोरांनी आपापल्या ठिकाणी टाका. उत्तरं आली की इथंच एकत्र मांडू.

पुढच्या वेळी खिडकीतून "सर्वर डाऊन" ऐकू आलं तर आवाज चढवू नका. फक्त नम्रपणे विचारा, "साहेब, तुमच्या घड्याळात किती वाजले?"

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो. माझा लॅपटॉप आता हँग होत नाही.