विश्लेषण : जनुके सारखीच, तरी हल्ला मोजक्याच जिवाणूंचा! असे का होते?

अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला जिवाणू पोटात गेला, की त्याची सगळी फौज आतड्यावर तुटून पडते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात पुढे जातात ते मोजकेच.

नेमके काय घडते?
साल्मोनेलाकडे इंजेक्शनच्या सुईसारखी यंत्रणा असते. तिच्यातून आतड्याच्या पेशींत प्रथिने टोचून तो आत शिरतो. या यंत्रणेची जनुके प्रत्येक जिवाणूत असतात, पण ती सगळ्यांत चालू नसतात. झुरिचच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी उंदरांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात आतड्याच्या पोकळीतील सुमारे १५ टक्के जिवाणूंतच ही जनुके चालू आढळली.

हा फरक कशामुळे?
जनुके चालू करणाऱ्या नियंत्रक प्रथिनांचे प्रमाण प्रत्येक पेशीत योगायोगाने कमी-जास्त होते. ठरावीक पातळी ओलांडली की ही प्रथिने एकमेकांना जोर देतात. त्यामुळे पेशी दिव्याच्या बटणासारखी वागते: एक तर चालू, नाही तर बंद.

फायदा कोणाचा?
आत शिरलेले बहुतेक जिवाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीपुढे मरतात. मात्र त्यांच्यामुळे आतड्याला सूज येते, तिथले नेहमीचे जिवाणू हटतात आणि मागे राहिलेल्या साल्मोनेलाला रान मोकळे मिळते.

उपचारांशी संबंध काय?
सुई तयार करणारे जिवाणू हळू वाढतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे जिवाणू सिप्रोफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या माऱ्यातून अधिक प्रमाणात तगून राहिले. त्यासाठी जनुकांत कोणताही बदल व्हावा लागला नाही. नेहमीच्या चाचणीत औषधाने जिवाणूंची एकूण वाढ थांबते का, एवढेच पाहिले जाते. त्यामुळे रिपोर्टमध्ये ‘औषध लागू’ दिसले, तरी तगून राहिलेले थोडे जिवाणू त्यात दिसत नाहीत.

मग करायचे काय?
खरी अडचण सरासरीवर विसंबण्याची आहे. नवे औषध तपासताना किती जिवाणू मेले यासोबत कोणते उरले आणि का, हेही मोजायला हवे. एकेक पेशी पाहण्याचे तंत्र प्रयोगशाळांत आहे. ते औषधांच्या तपासणीत नेमाने वापरले गेले पाहिजे. आपल्यासाठी धडा साधा आहे. प्रतिजैविक सुरू करणे किंवा थांबवणे हा निर्णय मेडिकलच्या काउंटरवर नव्हे, डॉक्टरांकडेच व्हावा. बरे वाटणे हीदेखील एक सरासरीच असते.