गळाला लावलेली नोट

पाण्याखाली पोहणारे काही महिन्यांचे एक अर्भक आणि त्याच्या पुढ्यात मासेमारीच्या गळाला अडकविलेली एक डॉलरची नोट. चित्र एवढेच आहे. २४ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘नेव्हरमाइंड’ या अल्बमचे हे मुखपृष्ठ तीन दशकांहून अधिक काळ लोटल्यावरही जगभर ओळखले जाते. ज्या घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या पेढीवर बसण्यात गेल्या, त्यांना या चित्राचा अर्थ उलगडून सांगण्याची आवश्यकता नाही. न्यायाने धन मिळविणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. तथापि गळ डोळ्यांसमोर असतानाही नजर नोटेवरच खिळते, हा मनुष्यस्वभाव जुना आहे, आणि परिग्रहाला मर्यादा घालण्याचा उपदेशही त्याच अनुभवातून आलेला आहे.

ज्या वाद्यवृंदाचा हा अल्बम, त्याचे नाव ‘निर्वाना’. भगवान महावीरांचे निर्वाणकल्याणक म्हणून दीपावली साजरी करणाऱ्या आणि वीर निर्वाण संवताने वर्ष मोजणाऱ्या समाजाला हा शब्द किती जवळचा आहे, हे सांगावयास नको. वृंदाचा गायक व गीतकार कर्ट कोबेन याने तो दर्शनशास्त्राचा अभ्यास करून निवडला होता, असे मात्र नव्हे. अशा वृंदांची नावे बहुधा उग्र आणि ओबडधोबड असत. त्याला एखादे सुंदर नाव हवे होते. पुढे जे घडले ते पाहता या नावाने मन थोडे व्याकूळ होते.

कोबेनचा जन्म १९६७ साली वॉशिंग्टन राज्यातील अ‍ॅबरडीन या गावी झाला. जंगलतोड आणि लाकडाचे कारखाने यांवर जगणारे ते गाव उतरती कळा अनुभवीत होते. तो नऊ वर्षांचा असताना आईवडिलांचा घटस्फोट झाला. त्यानंतरचे बालपण या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे असे गेले. त्या राज्यातील सिअ‍ॅटल शहराच्या परिसरात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ग्रंज’ नावाची संगीतरीती आकारास आली. मळ, गचाळपणा असा त्या शब्दाचा अर्थ. गिटारचा खरखरीत, फाटका आवाज आणि वेशभूषेविषयीची बेफिकिरी ही तिची लक्षणे. ‘निर्वाना’चा ‘ब्लीच’ हा पहिला अल्बम १९८९ साली निघाला. त्याच्या ध्वनिमुद्रणाला अवघे ६०६ डॉलर लागले होते.

दुसऱ्या अल्बमसाठी, म्हणजे ‘नेव्हरमाइंड’साठी, कोबेन, बास गिटारवादक क्रिस्ट नोव्होसेलिच आणि ढोलवादक डेव्ह ग्रोल हे तिघे मे १९९१ मध्ये लॉस एंजेलिसमधील ‘साउंड सिटी’ या स्टुडिओत आले. निर्माता होता बुच व्हिग. एकच ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकमेकांवर चढवावेत, ही त्याची सूचना कोबेनला कृत्रिम वाटे. तेव्हा जॉन लेननही असेच करीत असे, हे सांगून व्हिगने त्याचे मन वळविले. कारण बीटल्स हे कोबेनचे दैवत होते. या संगीताचे मर्मही तेथेच आहे. वरवर ऐकणाऱ्याला केवळ गोंगाट ऐकू येतो, पण त्या गोंगाटाखाली सहज गुणगुणता यावी अशी चाल असते. कडवे जवळजवळ शांतपणे चालते आणि ध्रुवपद येताच सारी वाद्ये एकदम कडाडतात. दीर्घकाळ दाबून ठेवलेले दुःख माणसाच्या तोंडून असेच बाहेर पडते, म्हणून ही रचना ऐकणाऱ्याला खरी वाटते. हे तंत्र आपण ‘पिक्सीज’ या वृंदाकडून घेतले, हे कोबेनने प्रांजळपणे मान्य केले होते.

प्रकाशक कंपनीच्या अपेक्षा बेताच्याच होत्या. अमेरिकेत पहिल्या खेपेस सुमारे ४६ हजार प्रती दुकानांत धाडण्यात आल्या. विक्रीच्या यादीत अल्बम प्रथम १४४व्या क्रमांकावर आला. मात्र ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ हे पहिले गीत दूरचित्रवाणीवर वारंवार दाखविले जाऊ लागले आणि जानेवारी १९९२ मध्ये मायकेल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला मागे सारून ‘नेव्हरमाइंड’ पहिल्या क्रमांकावर पोहोचला. जगभरातील त्याचा खप पुढे तीन कोटींच्या घरात गेला.

मुखपृष्ठावरील गळ आता त्याच्या निर्मात्यांसमोरच येऊन ठाकला. त्या पहिल्या गीताच्या शीर्षकाची हकीकत या दृष्टीने बोलकी आहे. एका मैत्रिणीने भिंतीवर थट्टेने लिहिलेले वाक्य कोबेनला बंडखोरीची घोषणा वाटले. ‘टीन स्पिरिट’ हे बाजारात विकल्या जाणाऱ्या एका सुगंधी द्रव्याचे नाव आहे, याची त्याला कल्पनाच नव्हती. नोव्हेंबर १९९२ मध्ये मार्क जेकब्स या वेशभूषाकाराने ‘पेरी एलिस’ या नाममुद्रेसाठी ग्रंजच्या धर्तीवर कपडे सादर केले. लाकूडतोड्यांच्या जाड्याभरड्या चौकटीच्या सदऱ्यांची ती नक्कल रेशमात उतरविलेली होती. बाजार असा असतो. तो विरोधालाही किंमत लावतो. कोबेनला या यशाचे ओझे होऊ लागले. ‘नेव्हरमाइंड’चा घासूनपुसून चकचकीत केलेला आवाजही त्याला खटकू लागला. म्हणून १९९३चा ‘इन युटेरो’ हा पुढील अल्बम त्याने स्टीव्ह अल्बिनी या ध्वनिमुद्रकाकडून मुद्दाम खडबडीत ठेवून घेतला.

पोटाचे जुने दुखणे, मनाची खिन्नता आणि हेरॉइनचे व्यसन यांनी तो ग्रासलेला होता. ५ एप्रिल १९९४ रोजी सिअ‍ॅटलमधील राहत्या घरी त्याने आपले जीवन स्वतः संपविले. वय सत्तावीस वर्षांचे, आणि घरात दोन वर्षांचीही न झालेली कन्या. या मृत्यूभोवती पुढे जे वलय निर्माण झाले त्याला भुलण्याचे कारण नाही. तो आजारी होता, आणि वेळीच उपचारांचा लाभ झाला असता तर तो कदाचित आजही गात असता. धन, कीर्ती आणि प्रथम क्रमांक ही तिन्ही त्याच्या पदरात होती. त्याच्या वेदनेवर त्यांपैकी एकाचाही उतारा पडला नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २००४च्या ध्वनिमुद्रण नोंदणीत ‘नेव्हरमाइंड’चा समावेश केला. अल्बम निघाला तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुले आज तो आवडीने ऐकतात. गाणाऱ्याने आपल्या दुःखाला शोभिवंत करून मांडलेले नाही, हेच त्या आवडीचे कारण दिसते. अनेक ओळी अर्थाला हाती लागत नाहीत, पण स्वरातील खरेपणा लपत नाही. ज्या वयात स्वतःलाच स्वतःचे मन सांगता येत नाही, त्या वयाला हा स्वर आपला वाटतो.

अल्बममध्ये शेवटी येणारे गीत या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. स्टुडिओत वाद्यांच्या आवाजात ते काही केल्या जमेना. अखेरीस कोबेन नियंत्रणकक्षातील कोचावर पडला आणि गिटार हलकेच छेडीत जवळजवळ कुजबुजल्यासारखे त्याने ते गाइले. तो अस्फुट स्वर नोंदविण्यासाठी व्हिगला खोलीतील इतर आवाज बंद करावे लागले.

घराघरांतून मुलांच्या बंद दाराआडून येणाऱ्या गोंगाटाविषयी वडीलधाऱ्यांची तक्रार नेहमीची आहे, आणि आवाज कमी करावयास सांगणे हा त्यांचा अधिकारही आहे. परंतु गोंगाट भिंतीपलीकडेही ऐकू जातो. कुजबुज ऐकावयाची तर जवळ जाऊन बसावे लागते. मुलाचे गुण, पगार, दुकानातील उलाढाल हे सारे वहीत मांडता येते. त्याचे मन ठिकाणावर आहे की नाही, हे कोणत्याही वहीत उमटत नाही. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन होते आणि त्याच पर्वात निर्वाणाचे स्मरणही होते. त्या दिवशी हिशेब मिटवून झाल्यावर घटकाभर मुलांजवळ बसावे आणि त्यांच्या आवडीचे एखादे गाणे त्यांच्यासह ऐकावे. ते आवडलेच पाहिजे असे नाही. ऐकता ऐकता मूल कदाचित काही बोलेल, आणि ते ऐकण्यासाठी तेथे कोणीतरी असेल.