वॅट पाहून बल्ब घेऊ नका

“एलईडी टिकत नाही, त्यापेक्षा जुना पिवळा बल्ब बरा,” हे बोलणं हिमायतनगरकडच्या गावांत सहज ऐकू येतं. अनुभव खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. प्रकाश देणारा एलईडीचा दाणा सहसा जात नाही. जातं ते त्याला वीज पुरवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर. त्यातही बऱ्याचदा आधी कपॅसिटर. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की पत्र्याच्या छताखाली, बंद काचेच्या डब्यात बसवलेल्या बल्बची उष्णता बाहेर पडत नाही. शेतातल्या आखाड्यावर तर मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज पडतं, बंद झाल्या की उसळतं. तिथे 220 ते 240 व्होल्ट एवढाच पल्ला छापलेला बल्ब लावून वर एलईडीला दोष देणं अन्याय आहे. खोक्यावर 100 ते 300 व्होल्ट आणि 4 किलोव्होल्ट सर्ज-संरक्षण लिहिलेलं बघा. बीआयएसचा नोंदणी क्रमांक नसेल, तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, बल्ब परत करा.

पिवळ्या बल्बचा हिशेबही मांडू. 60 वॅटचा बल्ब रोज 5 तास जळला तर महिन्याला 9 युनिट खातो. 9 वॅटचा एलईडी जवळपास तेवढाच उजेड देऊन दीड युनिटही खात नाही. 2015 साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेने हे बल्ब स्वस्तात घरोघरी नेले, ते याच बचतीसाठी.

“मग 9 ऐवजी 12 वॅटचा घेतो, उजेड जास्त पडेल,” हाही गैरसमज. वॅट म्हणजे बल्बने खाल्लेली वीज. उजेड मोजतात ल्यूमेनमध्ये. 900 ल्यूमेनचा चांगला 9 वॅटचा बल्ब सुमार 12 वॅटच्या बल्बला मागे टाकू शकतो. ज्या खोक्यावर ल्यूमेनचा आकडाच नाही, त्याचा वॅटचा आकडा तरी का खरा मानायचा?

सगळ्यात घट्ट बसलेली समजूत म्हणजे पांढराफेक उजेड तोच चांगला. 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड रात्री उशिरापर्यंत डोळ्यांवर पडला तर झोप लागायला उशीर होतो. निजायच्या खोलीत 2700 ते 3000 केल्विनचाच, म्हणजे पिवळसर उजेडाचा बल्ब हवा. स्वयंपाकघरात पांढरा चालेल, पण सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 80 च्या खाली नको. त्याखालच्या उजेडात लाल तिखट मळकट दिसतं, भाजी ताजी की शिळी कळत नाही. आणि दुकानातच बल्ब पेटवून त्यावर मोबाइलचा कॅमेरा धरा. पडद्यावर ठळक काळे पट्टे सरकू लागले, म्हणजे उजेड लुकलुकत असला, तर तो बल्ब लेकरांच्या अभ्यासाच्या जागी मुळीच लावू नका.