आजीबाईंचा प्रश्न आणि दहा रुपयांचा अर्ज

गेल्या बुद्धपौर्णिमेला विहारातली वंदना आटोपून आम्ही एका उपासिकेच्या घरी चहाला थांबलो. घरातल्या आजीबाईंचे गुडघे धरलेले, विहाराच्या पायऱ्या चढणे बंद झालेले. पांढरे लुगडे नेसून त्या सकाळपासून टीव्हीसमोर बसल्या होत्या. रिमोट नातीच्या हातात. एकामागून एक वाहिन्या फिरत होत्या. कुठे आरती, कुठे प्रवचन, कुठे मालिका.

"आज आपलं काहीच कसं लागंना गं?" आजीबाई म्हणाल्या.

"लागून गेलं असेल, आजी."

"कवा?"

नात गप्प झाली. आम्हीही गप्पच राहिलो, कारण उत्तर आमच्याकडेही नव्हते. कार्यक्रम लागला होता का, किती मिनिटे लागला, पहाटे लागला की भर दुपारी, यांतले काहीच आम्हांला सांगता येईना. चहा घेऊन निघालो, पण ते "कवा?" काही डोक्यातून जाईना.

वाचक बंधुभगिनींनो, "टीव्ही-रेडिओवर आपल्याला वेळ देत नाहीत" ही आपल्या वस्त्यांतली जुनी तक्रार आहे. २५ जानेवारी १९८७ पासून दूरदर्शनवर दर रविवारी 'रामायण' लागू लागले, त्यानंतर १९८८ मध्ये 'महाभारत' आले. त्या वेळी आमच्या चाळीतसुद्धा रविवारी सकाळी नळावर कोणी दिसत नसे. आम्हीही पाहिले, खोटे कशाला बोलावे? मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत त्याच मालिका पुन्हा दाखवल्या गेल्या. तेव्हाही आपण आपापसांत तेच बोललो, आपल्याला वेळ देत नाहीत. पण किती देत नाहीत? वर्षात किती तास इतरांचे, किती मिनिटे धम्माची? कोण्या अधिकाऱ्याने "कशावरून म्हणता?" असे विचारले तर आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहणार. तथागतांनी कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका. ते दुसऱ्यांच्या गोष्टींना लागू आणि आपल्या तक्रारीला नाही, असे कसे चालेल?

ही हौसेची मागणी आहे असेही कोणी समजू नये. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी बाबासाहेब आकाशवाणीवरून बोलले होते. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून घेतलेली नाहीत, ती आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत, हे त्यांनी त्या भाषणात सांगितले. म्हणजे दीक्षेच्या दोन वर्षे आधीच धम्म या देशाच्या रेडिओवर आला होता, तोही बाबासाहेबांच्या आवाजात. पुढे १२ मे १९५६ रोजी लंडनच्या बीबीसीवरून आपल्याला बौद्ध धम्म का आवडतो, याविषयी त्यांचे भाषण झाले. या माध्यमाची ताकद त्यांनी ओळखली होती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आकाशवाणी आणि दूरदर्शन ज्या प्रसार भारतीखाली चालतात, तिचा कायदा १९९० सालचा. तो अमलात आला १९९७ मध्ये. त्याच्या कलम १२ मध्ये महामंडळाची कर्तव्ये लिहिलेली आहेत. त्यांत सामाजिक न्यायाला चालना देणे आणि अस्पृश्यतेसारख्या दुष्ट प्रथांशी लढणे आहे, श्रमिकांच्या हक्कांचे रक्षण आहे, आणि अल्पसंख्याकांच्या विशेष गरजा ध्यानात घेऊन योग्य कार्यक्रम देणेही आहे. केंद्र सरकारच्या २३ ऑक्टोबर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे बौद्ध हे राष्ट्रीय पातळीवरचे अल्पसंख्याक आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात चौऱ्याऐंशी लाखांच्या वर बौद्ध मोजले गेले, त्यांतले पासष्ट लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. तेव्हा हे कर्तव्य आपल्याबाबतीत किती पाळले, हे विचारण्यात भीक मागितल्यासारखे काही नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते.

विचारायचे कसे? त्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आहे. प्रसार भारती त्याखाली येते. दूरदर्शन व आकाशवाणीच्या केंद्रांना जन माहिती अधिकारी असतात. साध्या कागदावर अर्ज करावा, मराठीत केला तरी चालतो. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून घेण्यास मदत करणे हे त्या अधिकाऱ्याचे काम आहे, कायद्यातच तसे आहे. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही नाही. मात्र एक चूक आपली मंडळी हमखास करतात. राज्य सरकारच्या कचेरीत अर्ज देताना दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायची सवय असते, तसेच इथेही लावतात. प्रसार भारती केंद्राची आहे, तिथे हे तिकीट नको. पोस्टल ऑर्डर घ्यावी, किंवा केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून अर्ज भरावा. घरातली कॉलेजात जाणारी मुले ते करून देतील.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्नाचा घाट. "आमच्यावर अन्याय का करता?" असे लिहिले की अर्ज तिथेच संपला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये स्पष्ट केले आहे की, कार्यालयाकडे जी माहिती आहे तेवढी ते देईल, नवी माहिती तयार करणे किंवा मत देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. म्हणून जे दप्तरात असते तेच मागावे. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काय किती वाजता लागले याच्या तक्त्याची प्रत. बुद्धपौर्णिमा, १४ एप्रिल, १४ ऑक्टोबर आणि ६ डिसेंबर या दिवशी प्रत्यक्ष काय प्रक्षेपित झाले त्याची नोंद. धार्मिक कार्यक्रमांविषयी काही लेखी धोरण किंवा परिपत्रक असल्यास त्याची प्रत. दहा वर्षांचे एकदम मागू नये, एका वर्षाचे मागावे. व्यक्तींची नावे मागू नयेत. वैयक्तिक माहितीचे कारण सांगून नकार देणे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी सोपे केले आहे. मिनिटांचा हिशेब हवा, माणसांची नावे घेऊन काय करायचे?

इथे आम्हांला एक पेच दिसतो. १४ एप्रिलचा कार्यक्रम कार्यालय कोणत्या खात्यात घालते? "राष्ट्रीय नेते" की "धार्मिक"? बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात धर्म वेगळा आणि धम्म वेगळा असे बजावले आहे. आपण नुसती "बौद्ध धार्मिक कार्यक्रमांची" बेरीज मागितली तर आकडा खोटा नसूनही फसवा येईल. म्हणून बेरीज न मागता तक्ताच मागावा आणि बेरीज घरी करावी. वहीवर रेघा मारून तास आणि मिनिटे जुळवणे आठवीतल्या मुलालाही जमेल. रविवारी चार घरांनी मिळून बसले तर काम दोन तासांचे.

अर्जाला तीस दिवसांत उत्तर यायला हवे. आले नाही किंवा अर्धवट आले, तर त्यानंतर तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. त्यालाही फी नाही. तिथेही निभावले नाही तर नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील. तिथे वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्या बीबीसीवरून बाबासाहेब बोलले, तिथले लोक या बाबतीत आपल्याहून पुढे असतील असे कोणाला वाटेल. तसे नाही. ब्रिटनमध्ये माहितीचा कायदा आहे, पण पत्रकारिता, कला किंवा साहित्य यांसाठी बाळगलेली माहिती बीबीसीने द्यावीच असे त्यात नाही. स्टीव्हन शुगर नावाचे वकील बीबीसीच्या मध्यपूर्वेच्या वार्तांकनावरील अंतर्गत अहवालासाठी वर्षानुवर्षे झगडले. २०११ मध्ये ते वारले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बीबीसीच्या बाजूने दिला. आपल्या कायद्यात सरकारी प्रसारण संस्थेसाठी असे खास कुंपण नाही. खाजगी वाहिन्यांना मात्र असा अर्ज थेट करता येत नाही. आजीबाईंच्या नातीने त्या दिवशी फिरवलेल्या बहुतेक वाहिन्या खाजगीच होत्या, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

आणि समजा, तक्ता आला आणि आपण म्हणत होतो त्याहून जास्त मिनिटे निघाली तर? तर तेही याच पानावर छापावे लागेल, आम्ही छापू. कार्यक्रम झाला होता पण तो कोणी पाहिला नाही असे निघाले, तर वेळ कोणती होती हे बघू. आपल्या मंडळांकडून, भिक्षू संघाकडून, गायन पार्टीकडून केंद्राकडे कार्यक्रमाचे प्रस्ताव किती गेले, हेही त्याच अर्जात विचारायला आमची हरकत नाही. उत्तर आपल्याला लाज आणणारे असले तर असू दे.

आमच्या विहारात येत्या रविवारी वंदनेनंतर असा एक अर्ज लिहायचे ठरले आहे. मसुदा झाला आहे, पोस्टल ऑर्डर आणायची राहिली आहे. आजीबाईंना वाचून दाखवला, तेव्हा त्यांनी शेवटी एक प्रश्न वाढवायला लावला. तो असा: दिनांक ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरून झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण आपल्या संग्रहात आहे काय, आणि असल्यास ते शेवटचे केव्हा ऐकवले?