जवळची वाट कुणाची?

१९५६ साली ॲम्स्टरडॅममध्ये आपल्या वाग्दत्त वधूसोबत खरेदीला निघालेले एड्सखर डाइकस्ट्रा दमून एका कॅफेत कॉफी प्यायला टेकले आणि कागद-पेन्सिलीविना वीसेक मिनिटांत त्यांना लघुतम मार्गाचा अल्गोरिदम सुचला. १९५९ साली तो प्रसिद्ध झाला. दोन शहरांमधली जवळची वाट शोधणारा हा विचार पुढे संकटकाळी इमारत रिकामी करण्याच्या आराखड्यांतही आला. खोल्या, जिने, दारे हे बिंदू. त्यांना जोडणाऱ्या वाटा या रेषा. आणि प्रत्येक रेषेवर ती चालायला लागणाऱ्या वेळाचे ‘वजन’. एवढे मांडले की कोणत्याही खोलीपासून सर्वांत जवळचे दार काढता येते.

आमचा आक्षेप ‘जवळचे’ या शब्दाच्या भाबड्या वाचनाला आहे. लघुतम मार्ग एकट्याचा असतो. तोच जिना सर्वांनी जवळचा म्हणून धरला, की गर्दीमुळे तोच सर्वांत लांबचा होतो. शिवाय जीव घेऊन पळताना माणसाला जवळचे वाटते ते ओळखीचे. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात ‘द स्टेशन’ या नाइटक्लबला आग लागली. बाहेर पडायला चार दारे होती. तरी बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे धावले. दोन मिनिटांच्या आत तिथे माणसांवर माणसे पडून वाट बुजली. त्या आगीने १०० जणांचा बळी घेतला.

यावर गणितापाशी उपाय आहे. जाळ्यातून जास्तीत जास्त किती प्रवाह जाऊ शकेल, याची रीत फोर्ड आणि फुल्करसन यांनी १९५६ सालीच मांडली होती. दारांची रुंदी जमेस धरून गर्दी वाटून देता येते. पण वाटून देणे म्हणजे काहींना जाणूनबुजून लांबच्या दाराकडे धाडणे. कुणाला? जिन्याच्या रेषेवरचे वजन कुणाच्या पावलांनी मोजले: धडधाकट तरुणाच्या, की कुबडी घेतलेल्या वृद्धेच्या? हे आकडे अल्गोरिदम ठरवत नाही. ते त्याला कुणीतरी पुरवतो.

कथनातून कोण वगळले गेले, हे विचारायला आपण वर्गात शिकवतो. त्याच वर्गाबाहेरच्या भिंतीवर बाहेर पडण्याचा नकाशा टांगलेला असेल, तर तोही एकदा तसाच वाचावा, असे आम्हांला वाटते. आणि नसेल, तर तो का नाही, हे आधी विचारावे.