रांगेमागचे धोरण

केंद्र सरकारने २०१५ साली ४,५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महासंगणन अभियान मंजूर केले. २०२४ मध्ये पुणे, दिल्ली व कोलकाता येथील ‘परम रुद्र’ यंत्रांचे लोकार्पण झाले. यंत्रांची संख्या वाढते आहे. त्यांवर आधी कोणाचे काम चालावे, हा प्रश्न मात्र दुर्लक्षितच आहे.

‘स्लर्म’सारखी आज्ञावली अलीकडे अधिक वापर केलेल्याला मागे सारते आणि मोठ्या कामाला विलंब होणार नसेल, तर रिकाम्या जागेत छोटे काम बसविते. परंतु कोणाचा वाटा किती, हे माणूसच ठरवितो. तो निर्णय तांत्रिक नव्हे, धोरणात्मक आहे.

जबलपूर हे पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय. मेलसाठी मालगाडी थांबते, याबद्दल येथे कोणाची तक्रार नसते. कारण नियम आधीच लिहिलेला असतो. चक्रीवादळाच्या अंदाजाला अग्रक्रम हवाच. पण अशा प्रत्येक अपवादाचे कारण नोंदले जावे, प्रतीक्षेचा काळ जाहीर व्हावा आणि स्वतःचे यंत्र नसलेल्या विद्यापीठांसाठी वाटा राखून ठेवावा. अन्यथा जनतेच्या पैशाने उभारलेले यंत्र यजमान संस्थेची मिरास ठरेल आणि प्रबंधाची मुदत संपत आलेला लहान शहरातील संशोधक रांगेतच राहील.